सूत्रं मुलांच्या हाती देताना: तंत्रज्ञानाच्या साथीने चालणाऱ्या वर्गात शिक्षकाने नेमकं काय करायचं?

विद्यार्थ्यांनी स्वतः प्रश्न घ्यावा, स्वतः शोधावं, हाताशी फोन किंवा संगणक असावा आणि शिक्षकाने ‘मार्गदर्शक’ व्हावं, हे आता बहुतेक प्रशिक्षणांत सांगितलं जातं. पण वर्गात शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, मूल अडलं तर किती वेळ गप्प राहायचं, सगळ्या गटांनी एकच चुकीची माहिती आणली तर काय, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. हा लेख त्या प्रश्नांसाठी आहे. एक विषय निवडण्यापासून त्याच्या मूल्यमापनापर्यंतचा सगळा प्रवास इथे क्रमाने मांडला आहे.

माझं मुख्य म्हणणं सुरुवातीलाच सांगते. अशा वर्गात शिक्षकाचं काम कमी होत नाही, ते फक्त दिसेनासं होतं. फळ्यासमोर बोलण्यात जाणारी ताकद आता अर्धी तास सुरू होण्याआधी लागते आणि अर्धी मुलांकडे बारकाईने बघण्यात. शिवाय एक निर्णय सतत घ्यावा लागतो: आत्ता सांगायचं की थांबायचं? पुढे जे काही लिहिलं आहे, ते सगळं हा निर्णय नीट घेता यावा यासाठी.

आधी एक गैरसमज दूर करू

शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीतल्या कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला. आजूबाजूच्या वस्तीतली मुलं कुणीही न शिकवता, एकमेकांचं बघत तो वापरायला शिकली. हा प्रयोग जगभर गाजला आणि ‘मुलांना यंत्र द्या, शिक्षक नसला तरी चालेल’ असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. तमिळनाडूतल्या कालिकुप्पम गावात मित्रा यांनी मुलांना जैवतंत्रज्ञानासारखा अवघड विषय संगणकावर दिला, तेव्हा मुलं स्वतःहून काही अंतर गेली. त्यांची आणखी प्रगती झाली ती एका मोठ्या व्यक्तीची जोड मिळाल्यावर. या व्यक्तीला विषय येत नव्हता. ती मुलांजवळ थांबायची, कौतुक करायची, ‘हे कसं केलंस, मला दाखव’ म्हणायची. म्हणजे माणूस लागतोच, आणि त्याचं लक्ष असणं हीसुद्धा एक मदत असते.

दुसऱ्या बाजूचा इशाराही तितकाच महत्त्वाचा आहे. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन संशोधकांनी असं मांडलं की नवख्या विद्यार्थ्याला अगदी कमी मार्गदर्शनात सोडलं, तर त्याची शक्ती चाचपडण्यातच संपते, कारण एका वेळी डोक्यात धरून ठेवता येणाऱ्या गोष्टींना मर्यादा असते. याला पूरक असं आणखी एक निरीक्षण आहे. जी सविस्तर मदत नवख्याला उपयोगी पडते, तीच जाणकाराला अडचण होते.

हे सगळं एकत्र ठेवलं की वाद बराचसा मिटतो. ‘मोकळीक द्यावी की शिकवावं’ असं कायमचं ठरवण्याची गरज उरत नाही. या मुलाला, या विषयात, आज किती आधार हवा, हे ठरवायचं असतं. आणि तो आधार काढून घेण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवायची असते.

पायरी १: कोणता भाग मुलांच्या हाती द्यायचा ते ठरवा

संपूर्ण अभ्यासक्रम असा शिकवायला जाऊ नका. सत्रातला एक घटक निवडा, साधारण पाच-सहा तासांचा. निवडताना तीन गोष्टी बघा. मुलांकडे त्या विषयाचा पाया आहे का? उत्तरापर्यंत जाण्याच्या एकापेक्षा जास्त वाटा आहेत का? आणि चुकलं तर ते मुलांना स्वतःला कळेल अशी सोय आहे का? तिसरी गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते. प्रयोग फसला, मोजमाप जुळलं नाही, आराखडा उभाच राहिला नाही, तर मूल शिक्षकाच्या तोंडाकडे न बघता कामाकडे परत बघतं. असा प्रतिसाद कामातूनच मिळत असेल, तर तो घटक या पद्धतीला योग्य आहे.

ऋण संख्यांची पहिली ओळख, अक्षरओळख, रासायनिक समीकरण संतुलित करण्याची रीत, आम्ल हाताळताना घ्यायची काळजी, हे सरळ शिकवा. त्यात कमीपणा नाही. नीट समजावून सांगणं हे शिक्षकाचं कौशल्य होतं आणि राहील.

निवड झाल्यावर पाच छोट्या प्रश्नांची पूर्वचाचणी घ्या. गुण द्यायचे नाहीत, फक्त बघायचं. निम्म्याहून अधिक मुलं पायाच्या प्रश्नांवर अडत असतील, तर आधी दोन तास शिकवा आणि मग सूत्रं सोपवा.

पायरी २: प्रश्न घडवा

या पद्धतीत शिक्षकाचं सगळ्यात मोलाचं काम हे आहे, आणि ते वर्गाबाहेर होतं. प्रश्न कच्चा असेल तर बाकीची तयारी वाया जाते.

एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत बरोबर ठेवू. घटक आहे ध्वनीचं परावर्तन. ‘ध्वनीच्या परावर्तनाविषयी माहिती मिळवून सादरीकरण करा’ असं म्हटलं की काय होणार ते ठरलेलं आहे. पहिलं संकेतस्थळ उघडलं जाईल, चार परिच्छेद उचलले जातील, दोन चित्रं चिकटवली जातील. मुलं आळशी आहेत म्हणून हे होत नाही. विचारलंच तेवढं आहे.

आता हाच घटक असा विचारा: ‘रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की आवाज घुमतो, सामान भरलं की घुमत नाही. आपल्या वर्गातलं घुमणं कमी करायचं असेल, तर कोणती वस्तू, किती आणि कुठे लावाल? तुमचं म्हणणं मोजून दाखवा.’

या प्रश्नात चार गुण आहेत. त्याचं तयार उत्तर कुठेही सापडत नाही, कारण ‘आपला वर्ग’ जगात एकच आहे. पाठ्यपुस्तकातली संकल्पना समजल्याशिवाय तो सुटत नाही. ‘मोजून दाखवा’ म्हटल्यामुळे मत आणि पुरावा यांतला फरक आपोआप पुढे येतो. आणि कमी वेगाने शिकणारं मूलही टाळी वाजवून सुरुवात करू शकतं, तर पुढे गेलेल्या मुलाला क्षेत्रफळ आणि आकारमान यांच्या हिशोबात शिरायला जागा आहे.

प्रश्न लिहून झाला की स्वतः सोडवून बघा. हे टाळू नका. सोडवताना तुम्हाला तीन गोष्टी कळतील: मुलं कुठे अडतील, कुठे भरकटतील आणि काय शिकल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. वरच्या उदाहरणात भरकटण्याची जागा ठरलेली आहे. मुलं आंतरजालावर ‘आवाज कमी कसा करावा’ असं शोधतील आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून काय करतात, हे वाचत बसतील. आवाज अडवणं आणि आवाज शोषून घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अडवायला जड, फटी नसलेली भिंत लागते, शोषायला मऊ आणि सच्छिद्र पृष्ठभाग. हा गोंधळ होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर त्या क्षणी काय विचारायचं तेही तयार असतं. अशा जागा एका कागदावर लिहून ठेवा. तास चालू असताना तोच कागद तुमचा आधार असतो.

पायरी ३: मग साधन निवडा

क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रश्न, नंतर साधन. साधनाला एकच प्रश्न विचारा, हाताने, डोळ्याने किंवा कागदावर जे जमत नाही ते यातून जमतं का? जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत ॲप फोनमधल्या संवेदकांचा उपयोग मोजमापासाठी करू देतं. टाळीचा आवाज किती झपाट्याने विरतो, याचा आलेख त्यावर दिसतो. फोनचा मायक्रोफोन प्रमाणित नसल्यामुळे डेसिबलच्या नेमक्या आकड्यावर विसंबू नये. पण त्याच फोनने, त्याच जागेवरून घेतलेल्या दोन मोजमापांची तुलना चांगली होते. ही मर्यादा मुलांनाही सांगा. कोणतं साधन कशासाठी भरवशाचं आहे, हेही शिकण्याचाच भाग आहे.

गणितात भूमितीची रचना हलवून बघायची असेल तर जिओजेब्रा, विज्ञानात प्रत्यक्ष करता न येणारे प्रयोग पडद्यावर करायचे असतील तर कोलोराडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प. दोन्ही मोफत आहेत आणि फेटची बरीच प्रारूपं मराठीत मिळतात. एका घटकाला एक साधन पुरे. दोन-तीन नवी ॲप एकदम दिली, तर मुलं विषयाऐवजी ॲप शिकत बसतात.

उपकरणं कमी असतील तर बिचकू नका. तिघांत एक हे प्रमाण मला एकास एकपेक्षा चांगलं वाटतं, कारण पडद्यावर काय करायचं हे बोलूनच ठरवावं लागतं आणि त्या बोलण्यात शिकणं होतं. आवश्यक साहित्य आधी उतरवून ठेवा, जोडणी गेली तर कागदावर काय करायचं ते ठरवा. मुलांची नावं, छायाचित्रं किंवा आवाज कुठल्याही सेवेवर चढवण्याआधी त्या सेवेची वयोमर्यादा बघा आणि पालकांची परवानगी घ्या.

पायरी ४: पहिला तास शोधासाठी वापरू नका

स्वतः शिकणं हे कौशल्य आहे आणि तेही शिकवावं लागतं. बॅरी झिमरमन यांनी स्वयंनियंत्रित शिक्षणाचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी योजना, मग काम करताना स्वतःवर लक्ष, आणि शेवटी मागे वळून बघणं. आपण मुलांना मधल्या टप्प्यात ढकलतो आणि मग ‘यांना स्वतःहून काही करता येत नाही’ म्हणतो.

पहिल्या तासाला प्रत्येक गटाला एक कोरा कागद द्या. त्यावर त्यांनी लिहायचं: आम्हाला काय ठाऊक आहे, आम्हाला काय वाटतं पण खात्री नाही, आधी काय शोधायचं, आणि पुढच्या तासाच्या शेवटी आमच्या हातात काय असेल. शेवटचं वाक्य नेमकं व्हायला हवं. ‘अभ्यास करू’ चालणार नाही. ‘रिकाम्या कोपऱ्यात आणि दप्तरांच्या ढिगाजवळ, दोन ठिकाणच्या टाळीची मोजमापं’ असं हवं. हा कागद भरताना तुम्ही एकदा फळ्यावर स्वतःचा नमुना भरून दाखवा, मोठ्याने विचार करत: ‘मला वाटतं पडद्यामुळे फरक पडेल, पण खात्री नाही, म्हणून हे दुसऱ्या रकान्यात.’

गट तिघांचे करा. एक मोजणारा, एक नोंद करणारा, एक प्रश्न विचारणारा, आणि दर तासाला कामांची अदलाबदल. अदलाबदल केली नाही तर ज्याच्या हातात फोन तोच गट, आणि बाकीचे दोघे प्रेक्षक.

आणखी एक गोष्ट मुलांशी उघड बोला. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की स्वतः धडपडत शिकलेले विद्यार्थी प्रत्यक्षात जास्त शिकले होते, पण त्यांना स्वतःला मात्र आपण कमी शिकलो असं वाटत होतं. छान व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, धडपडताना सगळं अवघड वाटतं. मुलांना हे आधीच ठाऊक असलं, तर दुसऱ्या दिवशी ‘बाई, तुम्हीच सांगा ना’ हा आग्रह बराच कमी होतो.

पायरी ५: तास चालू असताना

सगळ्यात अवघड भाग हा. इथे शिक्षक दोन टोकांना जातात. काही जण सवयीने सांगून मोकळे होतात. काही जण ‘आपण आता मार्गदर्शक’ म्हणून खुर्चीत बसतात आणि वह्या तपासतात. दोन्हीकडे मुलं एकटी पडतात.

पहिली दहा मिनिटं फक्त फिरा. कुणी विचारलं तरच थांबा. कुठल्या गटात एकच मूल बोलतंय, कुणाच्या कागदावर काहीच उतरलेलं नाही, कोणता शब्द मुलं चुकीच्या अर्थाने वापरताहेत, हे टिपा. या दहा मिनिटांत हात शिवशिवतात, पण इथे घाईने केलेली मदत बहुतेक वेळा न मागितलेल्या प्रश्नाचं उत्तर असते.

मग गटाशी बोला. ‘बाई, हे बरोबर आहे का?’ असं मुलगी विचारते. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं की तिचा विचार थांबतो.

‘तुला कशावरून बरोबर वाटतंय?’

‘दप्तरांजवळ आवाज लवकर विरला.’

‘आणि तो दप्तरांमुळेच विरला, जागा बदलली म्हणून नाही, हे कसं समजलं?’

मग ती गप्प होते. इथे थांबायचं असतं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतलं संभाषण मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, असं दिसलं. थांबण्याचा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात, मुलांकडून प्रश्न येतात. तीन सेकंद कागदावर क्षुल्लक वाटतात, वर्गात ते फार लांब असतात. मनात आकडे मोजा. मुलाने उत्तर दिल्यावरही तेवढेच थांबा. बहुतेक वेळा दुसरं, अधिक चांगलं वाक्य त्यानंतर येतं.

थांबूनही मूल पुढे सरकत नसेल तर मदत करायची, पण सगळ्यात हलक्या मदतीपासून सुरुवात करून. आधी नुसतं ‘आत्तापर्यंत काय केलंस ते मला सांग’ म्हणा. सांगता सांगता निम्म्या मुलांना आपली चूक सापडते. तेवढ्याने झालं नाही तर लक्ष एका जागेकडे वळवा: ‘ही दोन मोजमापं बघ, टाळी सारख्याच अंतरावरून वाजवली होती का?’ तरीही अडलं तर वेगळ्या, सोप्या उदाहरणावर रीत करून दाखवा आणि आपल्या कामात ती लावायला सांगा. अगदी शेवटी, स्पष्ट सांगा. स्पष्ट सांगण्याची लाज वाटू देऊ नका, कारण एकाच जागी पंधरा-वीस मिनिटं अडकलेलं मूल शिकत नाही, खचतं. मात्र सांगितल्यावर तिथून निघून जाऊ नका. ‘आता हे तुझ्या शब्दांत मैत्रिणीला सांग’ एवढं ऐकून मग पुढे जा.

अडणं आणि खचणं यांतला फरक चेहऱ्यावर दिसतो, बोलण्यातही दिसतो. अडलेला गट वाद घालतो, परत मोजतो, खोडतो. खचलेला गट गप्प होतो, दुसऱ्याच गप्पांत शिरतो किंवा उत्तर शोधण्याऐवजी कुठून मिळेल ते शोधतो. पहिल्या गटापासून लांब राहा, दुसऱ्याकडे लगेच जा.

आणि सगळ्या वर्गाला शिकवण्याची वेळ कधी? तीन-चार गट एकाच जागी अडलेले दिसले की. सगळं थांबवा, उपकरणं पालथी ठेवायला सांगा आणि दहा मिनिटं नीट समजावून द्या. श्वार्ट्झ आणि ब्रॅन्सफर्ड यांनी १९९८ साली दाखवलं की उदाहरणांशी आधी स्वतः झगडलेल्या विद्यार्थ्यांना नंतरचं व्याख्यान जास्त लाभतं. तेव्हा व्याख्यान हद्दपार करू नका. त्याची वेळ बदला.

आपल्या उदाहरणात अशा दहा मिनिटांसाठी मी वॉलेस सबिन यांची गोष्ट राखून ठेवेन. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या सभागृहात व्याख्यानं ऐकूच येत नव्हती, इतका आवाज घुमायचा. सबिन या तरुण प्राध्यापकाने रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या तिथे आणल्या, ऑर्गन या वाद्याच्या एका नळीचा आवाज काढला आणि तो विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. गाद्यांची संख्या बदलत त्यांनी परत परत मोजलं आणि त्यातून खोलीचं आकारमान, शोषणारा पृष्ठभाग आणि घुमण्याचा काळ यांचं सूत्र मांडलं. पुढे १९०० साली सुरू झालेल्या बॉस्टनच्या सिम्फनी हॉलच्या रचनेत हेच ज्ञान कामी आलं. ही गोष्ट पहिल्या तासाला सांगितली असती, तर ती एक रंजक माहिती झाली असती. दप्तरं इकडून तिकडे हलवून दमलेल्या मुलांना ती तिसऱ्या तासाला सांगितली, की त्यांना कळतं आपण तेच काम करत होतो.

पायरी ६: कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियम आधीच ठरवा

चॅटजीपीटीसारखी साधनं मुलं वापरणारच. नुसती बंदी घालून विषय संपत नाही आणि नुसती मोकळीकही घातक आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा अभ्यास झाला. ज्यांना साधं चॅट-साधन दिलं, त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा तीच मुलं, साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे होती. उत्तराऐवजी शिक्षकांनी घडवलेले इशारेच द्यायला लावलेलं साधन ज्यांना मिळालं, त्यांच्यात हे नुकसान जवळजवळ दिसलं नाही. एकाच तंत्रज्ञानाचे दोन वेगळे परिणाम होते, आणि फरक पडला तो शिक्षकाच्या कामामुळे.

वर्गासाठी नियम थोडे ठेवा. आधी स्वतःचा प्रयत्न कागदावर, मगच साधन. साधनाला उत्तर मागायचं नाही, ‘माझ्या मोजमापात कुठे त्रुटी असू शकते, मला प्रश्न विचार’ असं म्हणायचं. काय विचारलं आणि काय मिळालं, ते वहीत. आणि त्यातलं किमान एक विधान दुसरीकडे पडताळून बघायचं. हे नियम जाहीर करण्याआधी तुमचा प्रश्न तुम्ही स्वतः त्या साधनाला विचारून बघा. त्याने एका दमात पूर्ण उत्तर दिलं, तर दोष मुलांचा नाही. प्रश्न परत घडवावा लागेल.

पायरी ७: माहिती तपासायला प्रत्यक्ष शिकवा

‘विश्वासार्ह संकेतस्थळं वापरा’ एवढ्या सूचनेने काहीच होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस नवं संकेतस्थळ कसं पारखतात ते पाहिलं. अभ्यासक आणि विद्यार्थी त्याच पानावर रेंगाळले, त्याचं रूप, त्याची भाषा बघत राहिले. तपासनीसांनी काही क्षणांतच ते पान सोडलं, नवी खिडकी उघडली आणि हे संकेतस्थळ कुणाचं, बाकीचे त्याबद्दल काय म्हणतात ते शोधलं. ही सवय मुलांना करून दाखवता येते.

आपल्या विषयात त्यासाठी एक नमुना आयताच मिळतो. भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावले की आवाज शोषला जातो, हा सल्ला आंतरजालावर जागोजागी आहे. एखादा गट तो नक्की घेऊन येतो. तिथल्या तिथे खोडून काढू नका. पडद्यावर सगळ्यांसमोर ते पान उघडा आणि मोठ्याने विचार करा: ‘हे लिहिणारा कोण? त्याने मोजलंय का? दुसऱ्या कुणी मोजलंय का?’ मग गटाला म्हणा, ट्रे आणून मोजा. पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीचा आवाज थोडाफार शोषतो, खालच्या पट्टीचा जवळजवळ नाही. हे मुलांना स्वतःच्या आलेखात दिसण्याची शक्यता आहे, आणि दिसलं नाही तर ‘का दिसलं नाही’ हा तितकाच चांगला प्रश्न आहे.

पायरी ८: मूल्यमापन

शेवटच्या देखण्या सादरीकरणाला सगळे गुण दिले, तर मुलं सादरीकरणच शिकतात. गुणांचा मोठा वाटा प्रक्रियेला द्या: योजनेचा कागद, मोजमापांच्या नोंदी, कोणता अंदाज चुकला आणि त्यावर काय केलं. चुकलेला अंदाज नीट नोंदवणाऱ्या गटाला त्याबद्दल गुण मिळताना वर्गाने बघितलं पाहिजे.

गटाचं काम गटाचं, पण समज प्रत्येकाची असते. म्हणून घटकाच्या शेवटी उपकरणं बाजूला ठेवून प्रत्येक मुलाशी दोन मिनिटं बोला: ‘तुमच्या आलेखातला हा उतार का असा आहे?’ मोठ्या वर्गात सगळ्यांशी बोलणं जमत नसेल, तर रोज थोड्यांना घ्या किंवा कोऱ्या कागदावर पाच ओळी लिहून घ्या. आठवून लिहिणं हे निव्वळ मोजमाप नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगांत पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून बघणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं.

मधल्या टप्प्यांवर आकडा देऊ नका, शेरा द्या. रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. शेऱ्याबरोबर गुणही दिले, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला, कारण मूल आकडा बघतं आणि शेरा तसाच राहतो. शेरा असा लिहा की त्यावर उद्या काहीतरी करता येईल. ‘छान प्रयत्न’ यावर काहीच करता येत नाही. ‘तिन्ही मोजमापं एकाच कोपऱ्यात आहेत, मध्यभागी घेऊन बघा’ यावर येतं.

पायरी ९: पालक आणि सहकारी

वर्गात गोंगाट वाढेल, वह्या कमी भरलेल्या दिसतील आणि ‘शिक्षक शिकवत नाहीत’ अशी कुजबुज होईल. ती सुरू होण्याआधीच पालकांना एका पानात सांगा: प्रश्न कोणता, अभ्यासक्रमातला कोणता भाग त्यात येतो, मूल काय करणार आणि घरी उत्तर देण्याऐवजी काय विचारायचं. घटक संपल्यावर मुलांनाच पालकांपुढे बोलू द्या.

पायरी १०: पुढच्या वेळी एक धागा आणखी सोडा

पहिल्या घटकात प्रश्न तुमचा आणि रीतही बरीचशी तुमची असू द्या. दुसऱ्यात प्रश्न तुमचा, रीत मुलांची. तिसऱ्यात विषयाची चौकट तुमची आणि प्रश्न मुलांचा. एखादा वर्ग दुसऱ्या टप्प्यावर वर्षभर राहिला तरी काही बिघडत नाही. आणि नवा, अनोळखी घटक आला की पुन्हा पहिल्या टप्प्यावर या. आठवीत स्वतंत्रपणे प्रयोग आखणारं मूल इतिहासाची साधनं पहिल्यांदा वाचताना नवखंच असतं.

स्वतःचीही नोंद ठेवा. फोन टेबलावर ठेवून एखाद्या तासाचा फक्त आवाज मुद्रित करा, आपल्यापुरता, आणि ऐकून झाला की पुसून टाका. ऐकताना बघा: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती थांबलात, मुलाचं वाक्य तुम्ही किती वेळा पूर्ण केलंत, आणि कोणाचा आवाज त्या तासात एकदाही आला नाही. पुढच्या तासाची पहिली फेरी त्या मुलापासून सुरू करा.